सोफ्यातून आलेली

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणायची. नवरा गेल्यावर दुकान बंद होईल असं लोकांना वाटलं होतं. पण म्हाताऱ्या सासऱ्यांनी सुनेच्या हातात हातोडी दिली, शेजारी बसून काम शिकवलं आणि दुकान चालू राहिलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. घरात ही दोघं आणि दोन मांजरं: साहेब नावाचा जाडजूड बोका आणि चिंध्यांच्या ढिगात सापडलेली चिंधी. चिंधीचा मुक्काम कायम सासऱ्यांच्या मांडीवर.

एकदा मावशींनी दुरुस्तीला आलेला एक जुना सोफा आडवा पाडला, खालचं कापड उसवलं आणि हात तिथेच थांबवला.

"बाबा, इकडे या. स्प्रिंगांमध्ये काहीतरी आहे."

"उंदीर असेल."

"उंदीर असा डोळे वटारून बघत नाही."

राखाडी रंगाची, हाडं दिसणारी मांजरी होती. सोफ्याच्या मालकिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं. सोफा मात्र वर्षभर गोदामात पडून होता." म्हणजे मांजरीला कोणी वालीच नव्हता.

मावशींना वाटलं, मांजरांचं मांजरं बघून घेतील. त्यांनी तिला उचललं आणि नेऊन थेट स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलं. साहेब फुगून दुप्पट झाला. चिंधी किंचाळत पडद्यावर चढली, पडद्यासकट खाली आली आणि कपाटावर जाऊन बसली. नवीन पाहुणी मावशींचं मनगट ओरबाडून पुन्हा सोफ्यात शिरली. चिंधी जेवायलासुद्धा खाली उतरेना. मग मात्र सासऱ्यांचा पारा चढला.

"घरच्या लेकरांना उपाशी ठेवून पाहुण्यांचे लाड कसले? सोडून ये तिला कुठेतरी!"

मावशींच्या तोंडात नेहमीप्रमाणे कापड ठोकायच्या बारीक चुका धरलेल्या होत्या. त्या काहीतरी पुटपुटल्या.

"आधी तोंडातल्या चुका काढ, मग बोल."

मावशींनी खिळे तळहातावर काढले. "चूक माझी झाली, बाबा. तिची नाही. मीच घाई केली."

सासरे कपाटापाशी स्टूल ओढून बसले आणि चिंधीची समजूत घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मागची लहान खोली रिकामी केली, सोफा आत नेला आणि दार लावून घेतलं. सोफ्याचं जुनं कापड एरवी कचऱ्यात जायचं. त्यांनी त्याचे तुकडे कापून घरच्या मांजरांच्या ताटल्यांखाली घातले आणि साहेबाच्या गादीचा अभ्रा आत नेऊन ठेवला. एकमेकांचा वास तरी ओळखीचा होऊ दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. साहेब कापड हुंगून, त्याच्यावर फुरफुरून जेवला. जेवला हे महत्त्वाचं.

मग दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या मांडायचं ठरलं. मावशी कामात, तेव्हा हे काम सासऱ्यांकडे आलं. "या वयात मांजरांचा वाढपी झालो," अशी कुरकुर रोज व्हायची, पण ताटल्या वेळेवर पडायच्या. आतल्या मांजरीला 'स्प्रिंग' हे नावही त्यांनीच ठेवलं, आणि आत जाऊन तिला पेपर वाचून दाखवतात हे मावशींना बाहेर ऐकू यायचं.

पुढे मावशींनी एक लाकडी चौकट ठोकली, सोफ्याच्या बुडाला मारतात त्या जाड पट्ट्या तिच्यावर विणून जाळी केली आणि ती उघड्या दारात बसवली. आता मांजरं एकमेकांना दिसत होती. चिंधी फिसकारली. स्प्रिंग मागे सरली, पण सोफ्यात शिरली नाही. साहेब जाळीला पाठ लावून आडवा झाला आणि घोरू लागला.

जाळी निघाल्यावर दोन-चार थपडा झाल्याच. त्याहून जास्त काही नाही. सोफा नवं कापड लेवून मालकिणीकडे गेला, स्प्रिंग राहिली. साहेबाने तिला गादीचा कोपरा दिला. चिंधीने मात्र मांडी शेवटपर्यंत वाटून घेतली नाही.

एका दुपारी मावशी खिडकीपाशी थबकल्या. कट्ट्यावर चिंधी आणि स्प्रिंग, मध्ये वीतभर जागा सोडून, बाहेरचं कबुतर न्याहाळत बसल्या होत्या.

"बाबा, बघितलंत का?"

"हळू बोल," सासरे म्हणाले. "आपण बघतोय हे कळलं, तर भांडतील पुन्हा."