सत्तेचाळीस नंबरच्या बाजूला कोणी धावत नव्हतं

मला टायपिंगसाठी ठेवलं होतं आणि पहिल्याच आठवड्यात मी कोचशी भांडले.

साल दोन हजार तीन. बी.ए. करून मी शारजाला आई-बाबांकडे आले होते, आणि दुबईत करामाला, एका ट्रॅव्हल एजन्सीच्या वरच्या खोलीत मला काम मिळालं. दुपारी तीन ते सात, एका अमेरिकन माणसाचं टायपिंग. तो सकाळी तिथल्या शाळेत मुलांना खेळ शिकवायचा. खालच्या एजन्सीवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला कोच म्हणायचे, म्हणून मीही.

कोचचा एक जुना मित्र अमेरिकेत एका व्यावसायिक फुटबॉल संघासाठी खेळाडू हेरायचा. हा त्यांचा फुटबॉल. हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत धरून धावायचा. दर एप्रिलमध्ये तिकडचे संघ कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं पाळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी मित्र व्हिडिओ टेपांचं खोकं पाठवायचा, कोच त्या बघायचा आणि एकेका पोरावर एकेक पान लिहायला सांगायचा. त्या वर्षी त्याच्या वाट्याला एकाच जागेचे खेळाडू आले होते: आउटसाइड लाइनबॅकर. म्हणजे बचावाच्या फळीत अगदी कडेला उभा राहणारा गडी. चेंडू घेऊन धावणारा बाहेरून वळसा घालायला आला तर त्याची वाट अडवायची, आणि कोणी चेंडू लांब फेकणार असेल तर फेकण्याआधी त्याच्यावर तुटून पडायचं, अशी त्याची दोन कामं.

चौथ्या टेपला मी म्हणाले, हा तर कोपरा आहे. शाळेत चार वर्षं मी कबड्डीत डावा कोपरा खेळले होते. कोचला टेबलावर कागदी कप मांडून समजावलं. त्याला गंमत वाटली, म्हणाला, तूही गुण दे बघू. मी दिले. त्याच्या यादीत सगळ्यात वर असलेल्या पोराला मी दहापैकी तीन दिले. चेंडू हलला रे हलला की हा सुटायचा. कोपऱ्याने असं करून चालत नाही. चढाई करणारीचा पाय आत येईपर्यंत थांबायचं, मग घोटा धरायचा. उतावळा कोपरा गुण घालवतो.

कोचने टेप थांबवली. तुमच्याकडे समोरच्याचा दम संपतो, तो म्हणाला. इथे फेकणारा तीन सेकंदांत चेंडू फेकून मोकळा होतो, मग थांबून कोणाची पूजा करणार? मी दोन दिवस वाद घातला आणि हरले. तिसऱ्या दिवशी तीनाचे आठ केले. पण आता मला खेळ दिसायला लागला होता. तीन वाजायची वाट बघत मी शारजाहून दीडलाच निघायचे, ट्रॅफिकमध्ये मनातल्या मनात कडेला उभी राहायचे.

मार्च लागला आणि खोक्यात तळाच्या टेपा उरल्या. लहान कॉलेजं, मागून कोणीतरी हाताने घेतलेलं चित्रण. कोचला त्या बघायला वेळ नव्हता. त्याने मला तक्ता दिला: कोणी किती जणांना पाडलं तेवढं मोज, आकडा कमी असेल तर नावावर रेघ मार. बुधवारी सगळी पानं कुरिअरने जायची होती.

पाठीवर सत्तेचाळीस नंबर असलेल्या पोराचा आकडा इतका कमी होता की कोचने तक्ता बघून स्वतःच रेघ मारली. मी मात्र त्या तीन टेपा बघितल्या होत्या, आणि त्यांत काहीतरी खटकत होतं. तो कोणाला पाडत नव्हता, कारण त्याच्याकडे कोणी येतच नव्हतं.

हे मला ठाऊक होतं. अगदी हाडात ठाऊक होतं. डाव्या कोपऱ्याने दोनदा घोटा धरला की चढाई करणारी पुढचा सगळा सामना उजवीकडेच खेळते. गुणलेखकाच्या वहीत डाव्यासमोर काहीच पडत नाही. वही बघून संघ निवडणाऱ्यांनी मला जिल्ह्याच्या संघातून वगळलं होतं. त्या रेघेकडे बघून माझं रक्त तापलं. या पोराचं पान जायलाच हवं होतं.

गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत मी घरी पान लिहिलं. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा पूर्वी मुंबईत असताना बँकेच्या युनियनचे, पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांवरच. तेव्हा माझं पानही तसंच झालं: अन्याय, डोळेझाक, जाब. आई म्हणाली, तो कुठला कोण अमेरिकेतला, आधी जेवून घे. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिलीने अन्याय खोडला.

"अगं, हा राग झाला. पुरावा कुठाय?"

"त्याच्या बाजूला कोणी धावत नाही, बाबा. हाच पुरावा."

"दुसरी बाजू लुळी असेल म्हणून तिकडे धावत असतील. मी मॅनेजमेंट असतो तर पहिलं हेच विचारलं असतं."

मी पान घडी घालून पिशवीत ठेवलं. जेवणावरचं लक्ष उडालं.

शनिवारी मी ऑफिसात सकाळी आठलाच पोचले. एजन्सीवाल्याकडून किल्ली घेतली आणि तिन्ही टेपा पहिल्यापासून लावल्या. कागदावर दोन रकाने केले, डावीकडे धावले, उजवीकडे धावले, आणि प्रत्येक धावेला एक उभी रेघ. पहिल्या दोन सामन्यांत आणि तिसऱ्याच्या मध्यंतरापर्यंत तो डाव्या टोकाला. उजवा रकाना रेघांनी भरून खाली उतरला, डाव्यात बोटांवर मोजण्याइतक्या. पण बाबांचा प्रश्न तसाच होता. तिसऱ्या सामन्यात, मध्यंतरानंतर, उजव्या टोकाचा गडी लंगडत बाहेर गेला. त्याच्या जागी त्यांनी सत्तेचाळीसला उजवीकडे आणलं.

मी उभी राहिले. समोरचे आता काय करतात?

पहिली धाव डावीकडे. दुसरी डावीकडे. तिसरी डावीकडे. अर्धा सामना उजवीकडे धावलेला तोच संघ बाजू बदलून डावीकडे धावायला लागला होता. मी उभ्याउभ्याच रेघा मारत गेले.

कोच यायला अजून दोन तास होते. मी टेप काढली, पिशवीत घातली आणि टॅक्सी करून त्याच्या शाळेत गेले. तो मैदानावर मुलांना रांगेत उभं करत होता. मी धापा टाकत सांगत होते, वाक्यं उलटीसुलटी, आणि तो शिट्टी तोंडातच ठेवून ऐकत होता. शेवटी त्याने मुलांना चेंडू देऊन खेळायला सोडलं आणि मला शाळेच्या टीव्हीच्या खोलीत नेलं.

त्याने तो अर्धा सामना बघितला. मग माझा कागद बघितला. मग परत सामना.

"पान लिही," तो म्हणाला. "पण आता हे बघ."

त्याने समोरचे चेंडू फेकणार होते ते प्रसंग लावले. प्रत्येक वेळी सत्तेचाळीस एक क्षण थांबत होता, माझ्यासारखाच, समोरच्याचा पाय येण्याची वाट बघत. तोवर चेंडू गेलेला असायचा. कोचने ते सहा-सात वेळा मागेपुढे केलं. हेही लिहायचं, म्हणाला.

मी म्हणाले, हे लिहिलं तर पहिलं कोणी वाचणार नाही. आधीच त्याच्यावर रेघ पडलीय, वर आपणच त्याचे दोष सांगायचे?

"तू त्याची वकील आहेस का? मला साक्षीदार हवाय."

टॅक्सीत मी धुमसत होते. बाबांच्या पत्रकांत समोरच्याच्या बाजूचं एक वाक्य कधी नसायचं, आणि मला ते कधी खटकलंही नव्हतं. पण ती टेप माझ्याही डोळ्यांनी बघितली होती. ते वाक्य गाळलं असतं तर गुणलेखकाच्या त्या वहीत आणि माझ्या पानात फरक काय राहिला असता? मी दोन्ही लिहिलं. बाहेरची वाट सोडत नाही, टोक बदललं तरी समोरचे त्याला टाळतात, रेघांचा कागद सोबत जोडला आहे. फेकणाऱ्यावर उशिरा सुटतो. शिकवून सुधारेल का, माहीत नाही. एकही विशेषण नाही. बुधवारी पान गेलं, यादीत सगळ्यात खाली, पण गेलं.

एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला. कोचने फॅक्सवर आलेली निवडलेल्यांची यादी मला दिली. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. सत्तेचाळीसचं नाव नव्हतं. मी टायपिंगला बसले; शब्द चुकत होते.

दोन दिवसांनी मित्राचा फॅक्स आला. निवड न झालेल्यांपैकी काही पोरांना ते सराव शिबिराला बोलावतात. त्यांत आमचा होता. खाली हाताने लिहिलं होतं, या रेघा कोणी मोजल्या? कोचने तो कागद माझ्या टाइपरायटरवर ठेवला आणि म्हणाला, "यल्ला, चल, उत्तर दे."

मी माझं नाव लिहिलं, आणि पुढे: त्याला उशिरा सुटायची सवय आहे, तर रोज पहिल्या हालचालीचा सराव द्या, आणि दोन्ही टोकांना खेळवून बघा. इतक्या घाईने लिहिलं की कागद फॅक्सच्या मशीनमध्ये उलटा गेला. दुसऱ्यांदा सरळ घातला, आणि पलीकडच्या मशीनचा सूर ऐकू येईपर्यंत तिथेच उभी राहिले.