फायबरवाल्यासाठी आवरलेलं घर

थळच्या कमळमावशीने बोंबील सुकवून, विकून मुलाला, मितेशला, इंजिनिअर केलं. सोमवारी इंटरनेट जोडायला फायबरवाला येणार म्हणून याच मितेशने टीव्हीची भिंत पुसली, उदबत्त्या लावल्या आणि अंगणात बांबूंवर टांगलेले अर्धवट ओले बोंबील गोणीत कोंबून मोरीत टाकले. म्हणे, वास येतो, परका माणूस काय म्हणेल? शी! कसली ही अवलाद!

फायबरवाला उगवला बुधवारी. तोवर गोणीतून घाण पाणी गळायला लागलं होतं. जोडणी झाली, टीव्ही लागला. पडद्यावर कुणी आचारी सुके बोंबील भाजत होता.

"आई, बघ, कसले भारी दिसतात!" मितेश म्हणाला.

मावशीने मोरीतून गोणी उचलून आणली आणि सगळी सडकी घाण त्याच्या पायांवर ओतली. "टीव्हीतल्या बोंबलांना वास येत न्हाय, म्हनून त्यांची लाज वाटत न्हाय, व्हय रे?"