भिंतीलगतचा वाळा

आमची लालबागची चाळ पाडून टॉवर झाला आणि पहिल्यांदाच आमच्या वाट्याला बाग आली. बाग म्हणजे मागच्या कंपाउंडच्या भिंतीलगतचा मातीचा उतार. बिल्डरने त्यावर विकतची हिरवळ अंथरली होती. मे महिन्यात ती करपली आणि पावसाळ्यात सगळी माती पार्किंगमध्ये उतरली.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. कुडाळजवळच्या माहेरी गेले असताना व्हाळाकाठचे, म्हणजे ओढ्याकाठचे, वाळ्याच्या गवताचे दोन ठोंब खणले, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले. ते फोडून उतारावर आडव्या ओळींत वीतवीतभर अंतराने लावले. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाळा माझ्या खांद्याला लागला. सोसायटीचे सेक्रेटरी, माझ्या मुलाच्या वयाचे, घरी आले. हे टॉवरला शोभत नाही, साप येतील, असं लोक म्हणतात म्हणाले. साप आला तर मला बोलवा, मी सांगितलं. आठ दिवसांनी त्यांनी माळ्याकडून सगळा वाळा कापून टाकला. ते खुंट बघून मला रडू आलं नाही, संताप आला. महिन्याभरात खुंटांतून पुन्हा हिरवी पाती वर आली.

मग सभेत ठराव आला, गवत मुळासकट काढायचा. मी उभी राहिले. "यंदा पार्किंगमध्ये चिखल आला का, एवढंच सांगा." ठराव मात्र पास झाला. हात वर करणाऱ्यांत माझी शेजारीणही होती, ते मला लागलं.

काढायच्या दिवशी सकाळीच मी खुर्ची नेऊन वाळ्याच्या मधोमध बसले. माळी कुदळ घेऊन अवघडून उभा. सेक्रेटरी खाली आले.

"काकू, उठा. ठराव झालाय."

"झाला असेल. मी उठणार नाही."

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे आजोबा आले. जन्म गिरणीत गेलेला माणूस, सभेत कधी तोंड उघडत नसत. त्यांनी प्लास्टिकचं स्टूल माझ्याशेजारी टेकवलं आणि बसले. "माझ्या गावाक व्हाळाच्या काठार ह्याच गवत असता," ते सेक्रेटरींना म्हणाले. "माती धरून ठेवता."

अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथे होतो. शेवटी माळीच कंटाळून गेला.

ठराव अजून रद्द झालेला नाही. वाळा काढायला परत कोणी आलं नाही. आलं तर मी घरीच असते.