चारही बाजूंनी पाणी

"तिथं कोणता देव हाये?"

एस.टी.त बसेपर्यंत हा प्रश्न निदान दहा जणांनी विचारला. भर वैशाखात अमडापूरहून दोन बायका वळकटी, फराळाचा डबा आणि पाण्याची पत्र्याची कॅन घेऊन निघाल्या, म्हणजे तीर्थालाच निघाल्या असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी प्रत्येकाला सांगत होते, देव नाही, आम्ही बेट पाहायला चाललोय. त्यावर लोक माझ्याकडे न पाहता आत्याकडे पाहत, आणि आत्या टपावर चढणाऱ्या सामानाकडे पाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. साठीला टेकलेली, पण मळ्यात वांगी, मिरची, सांबार (कोथिंबीर) अजून स्वतः लावते आणि बाजारच्या दिवशी स्वतः विकते. मी गावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. आम्ही दोघी एकत्र राहतो. एकट्या बाईने मुंबईच्याही पलीकडे जायचं तर सोबत हवी, आणि आत्याशिवाय दुसरं कोणी मिळण्याजोगं नव्हतं. आत्याही सहजासहजी मिळाली नाही.

हे सगळं सुरू झालं ते नव्या नकाशामुळे. महाराष्ट्र राज्य झालं आणि काही महिन्यांनी शाळेत राज्याचा नकाशा आला. आधी आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो; आता या नकाशाला डाव्या अंगाला लांबलचक निळी किनार होती. मी मुलींना म्हटलं, पाहा, आता समुद्रही आपला. आणि त्याच झोकात बारा वर्षं शिकवत आलेली व्याख्या फळ्यावर लिहिली: चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात.

चौथीतली शांता उठून उभी राहिली. "बाई, आमच्या वावरात बांबूचं बेट हाये. त्याच्या एकाबी बाजूनं पाणी नाही."

वर्ग हसला. मीही हसले, आणि दोन्ही बेटं वेगळी, शब्द मात्र एक, असं समजावून सांगितलं. पण शांता बसेना.

"तुमचंवालं बेट तुम्ही पाह्यलं काय?"

खोटं बोलता आलं असतं. मी "नाही" म्हटलं. शांता खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आठवडाभर पुरलं. बारा वर्षं मी मुलींना पाठ करायला लावलं होतं, आणि मला स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं? मी फळा पुसला आणि मनाशी ठरवलं, बेटावर उभी राहिल्याशिवाय ही ओळ पुन्हा लिहायची नाही. मी हट्टी आहे, हे आमच्या गावात कोणालाही विचारावं.

गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, हाजीचाचा. पत्र्याच्या बादल्या, कॅन बनवण्याचं त्यांचं दुकान आहे. मुंबईहून जहाजाने हजला जाऊन आलेले. मी दुकानात जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी हातोडी बाजूला ठेवली.

"बाई, समुंदर पाह्यला की आदमीची अकड उतरते," ते म्हणाले. "पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तोंडात घोट घेऊ नका. म्या गोदीवर चूळ भरली होती. अब का सांगू तुम्हाले!"

त्यांनी आमच्यासाठी झाकणाची एक कॅन मुद्दाम बनवून दिली. "बेटावर सगळीकडून पाणी राहते," ते म्हणाले, "पण प्यायले थेंब नाही. हे हातची सोडू नका."

ट्रेनिंग कॉलेजातली माझी मैत्रीण कमल कुलाबा जिल्ह्यात, अलिबागकडे, समुद्रकाठच्या एका गावी नोकरीला होती. तिला पत्र टाकलं. तिची नुकतीच बदली झाली होती, पण तिने लिहिलं की गावासमोरच एक लहानसं बेट आहे, पायीही जाता येतं, आणि उतरायला जनाबाईचं घर आहे. मी खूश झाले. उन्हाळ्यात आपल्या नद्यांचं पाणी उतरतं, तसं समुद्राचंही उतरत असणार, म्हणून पायी जाता येत असणार. म्हणजे सुट्टीही उन्हाळ्यातच आणि पाणीही कमी, उत्तम योग आहे, असं मी आत्याला पटवून दिलं. भूगोलाच्या शिक्षिकेने मांडलेला हा हिशेब आज आठवला की कान गरम होतात.

खामगावहून जलंबला, तिथून मुंबईच्या गाडीत. गाडीत आत्या एका खिडकीशी अशी बसली, की मुंबई येईपर्यंत तिने ती सोडली नाही. बाहेर कुठल्या शिवारात काय लावलंय ते मला सांगत होती. मुंबईत आम्ही कुठेही न थांबता थेट भाऊच्या धक्क्यावर गेलो, आणि तिथे मला पहिल्यांदा समुद्र दिसला. काळपट, वर तेलाचा तवंग, त्यात नारळाच्या करवंट्या आणि भिजलेल्या दोऱ्या. माझं तोंड उतरलं. आत्याने पदर नाकाला लावला.

"आपलं लोणारचं तळं बरं याच्यापक्षा," ती म्हणाली. "ते नुसतं वास मारते."

पण लाँच धक्क्यापासून सुटली, पाणी हिरवं झालं, मग निळं झालं, आणि पलीकडचा काठ दिसेना. मी कठडा धरून उभी होते. आत्याला मात्र मळमळत होतं. ती वळकटीवर डोकं टेकून पडली आणि रेवस येईपर्यंत माझ्या आजोबांपासून सगळ्यांना नावं ठेवत राहिली.

रेवसहून एस.टी.ने जनाबाईच्या गावी पोहोचलो. जनाबाई कोळीण, पन्नाशीची, बोलायला मोकळी. अंगणात मासळी वाळत होती. तो वास आत्याच्या नाकाला सोसेना, पण तांदळाची भाकरी हातात पडल्यावर तिने ती उजेडात धरून पाहिली. "ही भाकर हाये का पापड?" असं म्हणत तिने तीन खाल्ल्या, आमच्या घरच्या ठेच्याबरोबर. मग तिला घरामागचे वाळूतले कांद्याचे वाफे दिसले आणि ती उठून गेली. तिथली विहीर जेमतेम दोन पुरुष खोल, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोड. आत्या विहिरीत वाकून बराच वेळ पाहत होती. मला वाटलं, तिला कांदे आवडले.

संध्याकाळी जनाबाईने सांगितलं, "उद्या पुनव हाय. सकालच्याला ओहटी. चालत जा. पन भरती लागायच्या आधी बेगीन मांगारी या, नायतर सांजपावत थितंच ऱ्हावा लागंल."

"कशाची भरती हाये उद्या?" आत्याने विचारलं. "पोलिसाची?"

जनाबाई पोटभर हसली. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, उन्हाळा असो की हिवाळा. चढलं की भरती, उतरलं की ओहोटी. पुस्तकातून मी हे शिकवलेलं होतं. शिकवलेलं असूनही मी ते नदीवर बसवून ठेवलं होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, पण जनाबाईसमोर काही बोलली नाही. तेवढी ती चांगली आहे.

सकाळी उजाडताच सतरंजी, फराळाचा डबा आणि भरलेली कॅन घेऊन निघालो. किनारा आणि बेट यांच्यामध्ये ओली वाळू आणि खडकांची एक रांग उघडी पडली होती. खडकांना कालवांच्या कपच्या चिकटलेल्या; चप्पल हातात घेऊन चालायची सोय नव्हती. बेटाच्या अगदी तोंडाशी आत्याचा पाय घसरला. ती सावरली, कॅन मात्र सुटली, खडकावर आपटली, झाकण उडालं आणि हाजीचाचांनी भरून न्यायला सांगितलेलं पाणी एका दमात वाळूत गेलं. आत्याने आधी झाकण उचललं, मग कॅन उचलून पाहिली. फुटली नव्हती.

बेट म्हणजे थोडा खडक, थोडी वाळू, चार-पाच माड, केवड्याची झाडं आणि शेंदूर फासलेला एक दगड. मी माडाखाली उभी राहिले आणि चहूकडे पाहिलं. तीन बाजूंना पाणी होतं. चौथ्या बाजूला वाळूवर आमच्याच पावलांची रांग.

मला रडू आलं. लपवत नाही.

"आता काय झालं?" आत्या म्हणाली.

"हे बेट नाही, आत्या. तीन बाजूनं पाणी म्हणजे द्वीपकल्प."

"मंग त्याच्यात रडतं काऊन? पाह्यलं ना? चाल वापस. पाणी बी सांडलं."

"मी नाही येत. भरती येऊ दे. चारही बाजूनं पाणी पाहीन, मंगच येईन. तू जा, जनाबाईकडं बस."

"तुले एकटी सोडून?" आत्याने वळकटीसारखी गुंडाळलेली सतरंजी खाली टाकली. "बारा वर्सं पोट्ट्याईले शिकवलं तुनं, अन् अजून सोता सातवीतली पोट्टी हायेस." ती माडाच्या सावलीत बसली. तिचा राग मला कळत होता आणि तरीही माझे पाय हलले नाहीत.

पाणी आलं ते कसं आलं, हे कळलंच नाही. लाटा मोठ्या झाल्या नाहीत, आवाज वाढला नाही. आमच्या पावलांची रांग एका टोकाने पुसत आली. खडक एकेक करून बुडाले. शेवटी एकच काळा खडक राहिला, त्याच्यावर एक पांढरा पक्षी बसला होता. तो उडाला आणि खडकही गेला. मी धावत बेटाला फेरी मारली. इकडे पाणी, तिकडे पाणी, मागे पाणी, पुढे पाणी. फेरी पुरी करून मी मोठ्याने ओरडले, "चारही बाजूंनी!" ऐकायला कोणी नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी दुसरी फेरी मारली.

परत आले तर आत्या डोळे मिटून पडली होती. माडाची सावली सरकून गेली होती. हाक मारली तर तिने नुसता हात हलवला. ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा मात्र माझी अकड उतरली. हाजीचाचा म्हणाले होते ते याच अर्थाने की नाही, कोण जाणे. एका व्याख्येपायी मी म्हाताऱ्या माणसाला भर उन्हात, पाण्याच्या मधोमध, तहानलेलं आणून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत वाट उघडणार नव्हती. मी तिला केवड्याच्या सावलीत ओढलं, पदर समुद्रात भिजवून कपाळावर ठेवला, आणि किनाऱ्याकडे तोंड करून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. किनाऱ्यावर कोणी दिसत नव्हतं.

"कायले बोंबलून राह्यली?" आत्या हळूच म्हणाली. तिने डोळे उघडले होते. ती माझ्याकडे नाही, केवड्याच्या बुडाशी पाहत होती. तिथे वाळूत हिरवं गवत होतं. "हे हिरवं कायनं राह्यलं वैशाखात?"

"मले काय माहीत!"

"तुले नाहीच माहीत. झिरा खंद."

झिरा म्हणजे नदी आटली की वाळूत खणतात तो खड्डा. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका त्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. पण हा समुद्र होता. मी म्हटलं, "आत्या, खारं पाणी येईल."

"जनाबाईच्या हिरीले आलं काय खारं? वरचं पावसाचं पाणी वाळू धरून ठेवते. खंद म्हनते तं!"

मी कॅनच्या झाकणाने खणायला लागले. आत्याही उठून बसली आणि हातांनी वाळू ओढू लागली. तिला माझी पद्धत पसंत नव्हती. "खोल नको जाऊ, खाली खारं हाये. रुंद कर." हातभर खणल्यावर वाळू ओली लागली, मग गडद झाली, आणि मग तळाला चकाकलं. आत्याने पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं. दुसरंही टाकलं. तिसऱ्यांदा पाणी निवळेपर्यंत तिने मला हात लावू दिला नाही. मग झाकणात घेऊन तिने घोट घेतला, तोंडात घोळवला.

"मचूळ हाये," ती म्हणाली, "पण पाणी हाये."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा रडले. तिने माझ्या केसांतली वाळू झटकली आणि म्हणाली, "आता पाह्य तुवालं बेट. म्या बी पाह्यते." संध्याकाळपर्यंत आम्ही झिऱ्याचं पाणी पीत, फराळाच्या दशम्या खात चारही बाजूंचं पाणी पाहत बसलो. वाट उघडल्यावर जनाबाईच आम्हाला शोधत आली. झिरा पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमी तं हितं येताना घरशी पानी घेऊन येतांव!"

"तुमची नदी आटत नाही ना," आत्या म्हणाली, "मंग तुम्हाले कसं ठाऊक राहीन?"

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी मुलींना सगळं सांगितलं. पोलीस भरती, सांडलेलं पाणी, द्वीपकल्प, झिरा, माझं रडणंसुद्धा. मग फळ्यावर ती ओळ लिहिली. पावसाळ्यात शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले. कडक माणूस, मूळचे यवतमाळकडचे. त्यांनी नेमकं शांताला उठवलं आणि बेटाची व्याख्या विचारली.

"चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात," शांता म्हणाली. "पण थांबावं लागते."

साहेबांनी चष्मा काढला. "हे पुस्तकात कुठे आहे? कोणी शिकवलं?"

मी उभी राहिले. "मी शिकवलं, साहेब. पुस्तकात नाही. मी पाहून आलेय."

हे तीन शब्द म्हणायला मला बारा वर्षं लागली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नकाशाच्या निळ्या किनारीकडे पाहिलं, शेऱ्याची वही मिटली. मग आवाज खाली आणून, मुलींना ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "बाई, ते पाणी खरंच खारट असतं का हो?"

"सगळंच नाही, साहेब," मी म्हटलं.