चौदा नंबरच्या बसची खिडकी

हार्लन रेबर शेरीफच्या हाताखाली पोलिसात सव्वीस वर्षं राबून निवृत्त झाला आणि आमच्या शाळांच्या बस-कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसला. काम सोपं होतं. मुलं चढता-उतरताना बसच्या अंगातून लाल 'थांबा' पाटी बाहेर येते. ती उघडली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं. ती उघडायला लागल्यावर एखादी गाडी पुढे दामटली, की बसवरचा कॅमेरा चित्रणाचा तेवढा तुकडा आमच्याकडे पाठवतो. तो बघून दंड लावायचा की सोडून द्यायचं, हे हार्लननं ठरवायचं.

चौदा नंबरची बस त्याची बायको नदीन चालवायची. तिच्या वाटेवर गिरणीजवळचं वळण फार वाईट. तिथं रोज कुणीतरी घुसायचंच, त्यामुळे तिथला तुकडा रोज यायचा. आणि रोज त्यात कर्टिस लँट्झ दिसायचा. सात वर्षांच्या टेसाचा बाप, बायको वारलेली. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात पसरून गाड्या अडवायचा, पोरीला पलीकडे न्यायचा आणि मग नदीनच्या खिडकीशी येऊन वाफाळता कप वर द्यायचा. खिडकीतून लाल हातमोज्यातला हात बाहेर यायचा. चित्राला आवाज नसतो. कर्टिस काहीतरी बोलायचा, आणि तो हात हसून हसून हलायचा.

"हिला एवढं हसायला काय येतं गं?" हार्लननं एकदा मला विचारलं.

"घरी विचार की."

"घरी ती दमलेली असते."

त्यानंतर तो गाड्या बघेनासा झाला. खिडकी बघायचा. एकच तुकडा मागे नेऊन तीनतीनदा. एकदा म्हणाला, "आज अकरा सेकंद." कसले, ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी चौदा नंबरचा तुकडा आला, त्यात कर्टिसचाच पिकअप होता. पोरीला घ्यायला उशीर झाला म्हणून समोरून भरधाव आला आणि बस ओलांडून आपल्या अंगणात वळला. पाटी तेव्हा अर्धीच उघडली होती. पाटी पुरती उघडण्याआधी गेलेल्या गाडीला दंड नाही, हा नियम हार्लननंच मला शिकवला होता. त्यानं बटण दाबलं. दंड.

मी पाहिलं. बोलले नाही. ते माझं चुकलंच.

दहाएक दिवसांनी सकाळची फेरी संपवून नदीन तडक आमच्या खोलीत आली. टोपीसुद्धा काढली नव्हती.

"कर्टिसला कागद आलाय. माझी माफी मागत होता बिचारा. म्हणाला, यंत्र कशाला खोटं बोलेल, चूक माझीच असणार. आजपासून रस्त्यात उभासुद्धा राहत नाही, दुसऱ्यांना अडवायला तोंड नाही म्हणे! टेसा एकटी रस्ता ओलांडून आली आज." तिनं टेबलावर हात आपटला. "पाटी माझ्या बसची होती, हार्लन. अर्धी होती. तुला दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

हार्लनची मान खाली. "तो तुला हसवतो," तो म्हणाला.

"अरे, पोरीच्या उचापती सांगतो तो! काल तिनं मांजराला बापाचा टाय बांधला. घरी आल्यावर तुलाही सांगायला जाते मी, तर तुझा टीव्ही चालू!" तिचा आवाज चिरकला. "आणि एवढ्यासाठी तू त्या माणसाला गुन्हेगार केलंस?"

ती गेली. हार्लननं साहेबांकडे जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. दंड रद्द झाला, त्याला लेखी ताकीद मिळाली. संध्याकाळी तो एकटाच कर्टिसच्या दारी गेला. तिथं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. सोमवारी कर्टिस पुन्हा रस्त्यात हात पसरून उभा होता, एवढं मला दिसलं, कारण चौदा नंबरचे तुकडे आता माझ्याकडे येतात.

नदीन महिनाभर हार्लनशी कामापुरतंच बोलली. नाताळच्या सुमारास दोघं एकाच गाडीतून यायला लागली.

पण हार्लनची जळजळ गेलेली नाही. मी चौदा नंबरचा तुकडा लावला, की तो खुर्ची भिंतीकडे फिरवतो. परवा पाठमोराच विचारत होता, "लॉइस, आज किती वेळ?"

"एक गाडी घुसली," मी म्हटलं. "बाकीचं मी मोजत नाही."