रिकामं आलं तरी

डुलुथमधल्या आमच्या ऑफिसात ऑरिन हॅल्व्हरसनला सगळे टरकून असायचे. नेटवर्कवरून येणारा कच्चा डेटा घेणारी आमची लायब्ररी, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, त्यानेच लिहिलेली. नवशिके हमखास एकच चूक करत. पलीकडून रिकामं उत्तर आलं, की अजून काही आलं नसेल असं समजून त्यांचा प्रोग्रॅम पुन्हापुन्हा मागत राही. मग ऑरिन खेकसायचा, "अरे शहाण्या, काही आलं नसतं तर तुझा प्रोग्रॅम नुसता वाट बघत थांबला असता. रिकामं आलं म्हणजे पलीकडच्याने जोडणी बंद केली. गेला तो. मागणं थांबव." मीही ही बोलणी खाल्ली आहेत.

त्याची मुलगी सिग्ने उत्तरेला तळ्याकाठी राहायची. तिच्या कॉम्प्युटरवरून तळ्याचं तापमान थेट बापाकडे यायचं. मार्चमध्ये पायाखालचा बर्फ फुटून ती बुडाली. जावयाने तिचा कॉम्प्युटर बंद केला.

परवा ऑरिनचं मशीन तापून घरघरत होतं, म्हणून मी डोकावले. त्याचा प्रोग्रॅम सिग्नेकडे मागत होता, रिकामं येत होतं, पुन्हा मागत होता.

"ऑरिन, ही तर नवशिक्यांची चूक," मी म्हणाले.

"माहितीये गं," तो म्हणाला. "बंद नको करूस."