तळ्यातला देवभात

भिवपुरीजवळ एका बियाणं कंपनीच्या प्रयोगाच्या शेतावर मी देखरेखीला होतो. तिथल्या भाताचे जनुक प्रयोगशाळेत बदललेले. त्याचा दाणा काय, फुलातला परागही कुंपणाबाहेरच्या झाडांत मिसळता कामा नये, हे आमचं मुख्य काम. बाहेर पडताना पाय धुवा, कपडे झटका, पदर उलगडून दाखवा. लावणीला आलेली माझी आई म्हणाली, "देवळात जाताना पन एवढं पाय धूत नाय मी."

हे नियम आम्हाला पाळायला लावणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञ मॅडम माझ्याहून लहान. कमी पाण्यात तगणारा हा भात त्यांनीच घडवला होता. त्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती आणि शेतात तो पहिल्यांदाच उभा राहत होता. आम्ही त्याला मॅडमचं बाळ म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

आमच्या गावच्या तळ्यात देवभात उगवतो. तो कुणी पेरत नाही. कुसळं लांब, दाणा लाल, पिकला की आपला आपण गळतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून बायका तो वर्षभर जपतात. आदल्या पावसाळ्यात तळं ओसंडलं, तेव्हा त्याचं बी ओहोळातून आमच्याकडे वाहत आलं असणार. पोटरीत येईपर्यंत, म्हणजे देठात लोंबी फुगेपर्यंत, ते गवतच वाटतं. आमच्या लक्षात आलं तेव्हा तळ्यापासून थेट कुंपणापर्यंत देवभात उभा होता आणि आत मॅडमचा भातही पोटरीला आलेला. दोघं एकाच कुळातले. एकदम फुलले असते तर इकडचं तिकडे गेलं असतं, आणि गळालेलं बी चिखलातून कोण निवडणार?

वरून फोन आला: ओहोळात, तळ्यात तणनाशक मारा. तण म्हणे! मी पंप काढला खरा, पण आईला काय सांगू?

मॅडम ओहोळाच्या कडेने तळ्यापर्यंत चालत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "पंप ठेवा. विळे आणा."

"देवभात कापून संपायचा नाही, मॅडम."

"तो नाही. आपला."

पहिला विळा त्यांनीच घातला. अख्खं शेत कापून कुंपणाच्या आतच खड्ड्यात पुरलं. एकही लोंबी अजून पोटरीतून बाहेर पडली नव्हती, तरी निघताना त्यांनी रोजच्यासारखे पाय धुतले, कपडे झटकले. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी कंपनीने त्यांना शेत दिलं नाही. ऋषिपंचमीला आईने त्यांना जेवायला बोलावलं आणि पानात देवभात वाढला. एरवी तिच्या हातून त्याचा चमचासुद्धा सुटत नाही.

"कुनाचं कष्ट नाय लागत म्हनून आमी ह्यो खातो," आई म्हणाली. "आता तसं म्हनता यायचं नाय."

मॅडम मान खाली घालून जेवत राहिल्या. आईने न विचारता आणखी वाढला.